मका, बारीक

गिरणी आठला सुरू होते. पावणेआठला शटरसमोर
ती उभी, ट्रॅकपँटवर, कडेवर पाच किलो मका.
पांढरा. खडकी बाजारात मिळतो तो पिवळा, कोंबड्यांचा,
हा तिने पार मार्केटयार्डातून हुडकून आणलेला.
चिमूट चोळून दाखवली : बारीक. अजून बारीक.
म्हटलं, बाई, पीठ पाहिजे का पावडर?
हसली. पुढचा एक दात अर्धाच.

डब्यावर खडूने नाव घालावं लागतं,
नाहीतर ज्वारीत मका जातो आणि भांडणं होतात.
मुटिंटा, असं लिहिलं.
सोबतची सिद्दिका, बोपोडीची, त्यांची गोलकीपर,
म्हणाली, मावशी, त्यांच्यात पोरांच्या पाठीवर पोरगी झाली
की हे नाव ठेवतात. आता काहीतरी बदललं, असं.
आमच्यात पोरींच्या पाठीवर पोरगी झाली की नकुशी.
माझ्या थोरल्या नणंदेचं नाव तेच. रेशनकार्डावर पण.
हे मी बोलले नाही. मका ओतला.

नऊ वर्षांत सहा गावं.
गिरणीच्या आवाजात बोलता येत नाही, म्हणून बोटांवर.
एका गावात थुंकी खाली पडेपर्यंत बर्फ,
एका गावी चौदा गोल, आणि क्लबच बुडाला,
तीन महिन्यांचा पगार अजून यायचाय.
एका गावी नुसता गुडघा : इथून इथपर्यंत टाके.
पाचवं बोट तिने उघडलं आणि परत मिटलं.
सहावं पुणं. रेंजहिल्सला तिघींत एक खोली.
माझे सासरे पोस्टात होते. बदली आली की
सासूबाई आधी लोणच्याची बरणी बांधायच्या.
हिच्याकडे बरणी नाही. एक उंच पातेलं, एक लाकडी डाव.

एका रविवारी मॅच बघायला गेले, केसातलं पीठ न झटकता.
अर्धं मैदान गवत, अर्धं मुरूम.
सत्तर मिनिटं ती काहीच करत नव्हती. चालत होती.
मागचा एकजण म्हणाला, हिला किती देतात हो?
मला माहीत होतं. माझ्या लाइटबिलापेक्षा जास्त. फार नाही.

पट्टा चाकावरून निसटायच्या आधी
एक क्षण आवाज बदलतो.
मला तो ऐकू येतो, नवऱ्याला येत नाही.
तिलाही काहीतरी तसंच आलं असणार,
कारण कुणी पास द्यायच्या आतच ती निघाली होती,
दोघी मागे राहिल्या, बॉल आला तेव्हा ती तिथे होतीच,
आणि जाळी हलली.
मी उभी राहिले. मी. भर मैदानात.
कडेच्या पंचाने झेंडा वर केलेला.
सिद्दिका तिकडच्या गोलातून ओरडत होती, नव्हती, नव्हती,
पण गोलकीपरचं तिथून कोण ऐकतं.
मग पाटीवर तांबडा नऊ, हिरवा सतरा.
ती बाहेर आली, गुडघ्यावर बर्फ धरून बसली.
पिशवी माझ्याच गिरणीची.

एकदा विचारलेलं तिने : मोटर किती हॉर्सपॉवर?
पट्टा कुठून आणता? दगडाला टाकी किती दिवसांनी?
मला वाटलं, वेळ घालवतेय.
मोबाइलमध्ये लिहून घेत होती, आकड्याखाली आकडा.

एप्रिलमध्ये गेली. डबा राहिला. नाव पुसायचं राहिलं,
त्यात आता जोशी काकूंचे गहू असतात.

काल सिद्दिकाने मोबाइल पुढे धरला.
चोमा नावाचं गाव. पत्र्याची शेड, नवा निळा रंग,
बायका रांगेत, डोक्यावर पाट्या,
आत तिची आई, भुवयांपर्यंत पांढरी.
ती स्वतः कुठाय?
सातव्या गावाला, सिद्दिका म्हणाली. तिनेही हे असंच बघितलं, मोबाइलवर.

परत लाव, म्हटलं. आवाज वाढव.
कान लावला.
पट्टा सैल आहे गं.
कळव तिला. आजच कळव.