पाणी बघायला बंदी नाही

सुई डाव्या हाताला आहे ना, मग मोबाईल उजव्यात धर
आणि कोपर उशीवर टेकव.
चार तास आहेत.
पहिला सुयांचा, शेवटचा पायातल्या गोळ्यांचा,
मी बोलतेय ते मधल्या दोन तासांबद्दल.

भिंतीवरच्या टीव्हीकडे बघू नकोस.
एस्तेर सिस्टरला मी म्हटलं होतं, निदान आवाज तरी बंद करा,
तर म्हणाली, आजी, टीव्ही मुकाच आहे.
हा आवाज तुमच्या मशीनचा,
आणि तो मिरज जंक्शनचा, खिडकीतून येतो.

कोर्टाची एक मालिका आहे, दहा भागांची.
पहिले दोन सोड, त्यात वकील नुसता गाडीतून उतरतो.
तिसऱ्यापासून कोपऱ्यातल्या स्टेनोकडे लक्ष ठेव.
सगळं टाइप करते,
सातव्या भागापर्यंत एक शब्द बोलत नाही.
मी सांगली एक्स्चेंजला एकतीस वर्षं काढली, कानाला हेडफोन,
ट्रंक कॉलच्या तीन मिनिटांत लोकांची लग्नं मोडताना ऐकली
आणि घरी जाऊन भाकरी थापली.
तो सातवा भाग मी चारदा बघितलाय.

चार भावांची ती गाजलेली मालिका बघायची नाही.
मी बघितली. बासष्ट भाग. स्वयंपाक्यासाठी.
चाळिसाव्यात त्याला काढून टाकतात, तरी मी थांबले,
परत येईल म्हणून.

बर्फातल्या एका गावच्या पोस्टमनचा माहितीपट मात्र बघच.
काही होत नाही त्यात.
तो चालतो. दार वाजवतो. चालतो.
माझं बीपी एकशे सत्तरवरून एकशे चाळीसवर आलं होतं,
एस्तेरने चार्टवर लिहून ठेवलंय.

तो मला सुचवला तुझ्या बेडवरच्या माणसाने.
पायगोंडा मगदूम, समडोळीचे, वीज मंडळात वायरमन.
दोन वर्षं, सोमवार बुधवार शुक्रवार, दुसरी शिफ्ट.
त्यांना लागायचे समुद्र.
देवमासे, प्रवाळ, तळाशी स्वतःचा दिवा घेऊन फिरणारे मासे.
ह्यांच्याकडं लाईट जाईत न्हाई बघा, म्हणायचे.
आम्हाला दिवसाचं पाणी मोजून, गोळ्या गिळायचं धरून,
आणि हा माणूस स्क्रीनभर पाणी घेऊन बसलेला.
"प्यायला बंदी हाय बाई, बघायला न्हाई."
मे महिन्यात मला ते बघवायचं नाही, जीभ टाळूला चिकटायची,
मग काही न बोलता मोबाईल पलीकडे वळवायचे.

एकच नको म्हणाले. महापुराचा.
"त्यो लावू नगासा. त्यात मी हाय. दोन सेकंद.
पिवळा रेनकोट."
आणि सिस्टरच्या बदलीवर बोलत बसले.

त्यांना बहिणीची किडनी मिळाली.
कोल्हापुरात असतात आता, बरे आहेत.
फोनवर म्हणाले, काल तांब्याभर पाणी प्यालो बाई, एका दमात,
आणि गप्प झाले, मला ऐकवलं म्हणून.
मग मीच विचारलं, गार होतं का?

त्या रात्री लावला तो माहितीपट.
आयर्विन पुलाखाली चढत गेलेलं पाणी, छपरावरची म्हैस,
आणि एकेचाळिसाव्या मिनिटाला एक होडी.
तीन माणसं. तिघांचे रेनकोट पिवळे,
तिघांची पाठ आपल्याकडे.
एकजण हात वर करून लोंबती तार बाजूला धरतो,
होडी खालून जाते.
पुढे हेलिकॉप्टर.
मी मागे घेऊन घेऊन बघितलं, अंगठा दुखेपर्यंत.
तार धरणारा, की वल्हं मारणारा,
की तिसरा, जो नुसता पाण्याकडे बघतोय?

विचारलेलं नाही अजून.
तू त्यांना बघितलेलं नाहीस, म्हणूनच तू सांग.
पण ते शुक्रवारी.
वजन किती आलं आज, दोन सातशे? उतरेल.
पोस्टमन लाव आधी,
आणि इअरफोनचा एक कान इकडे दे.
वायर पोचते,
मगदूमांनी जोड देऊन वाढवलीय.