शिट्टीतला दाणा

दापोडीच्या एसटी वर्कशॉपमध्ये
आठवडाभर मी ब्रेक जुळवायचो
आणि रविवारी धावायचो.
रजेच्या अर्जावर कारण लिहायचो : सामना.
साहेब विचारायचे, कुणाकडून?
कुणाकडूनच नाही, साहेब,
म्हणून तर बोलावतात.

माझ्या आईला मी आठवलं नसेल
तेवढं लोकांनी मैदानावर आठवलं.
ती त्या वेळी खडकी बाजारात पडवळ निवडत असायची,
तिला उचकीसुद्धा लागायची नाही.

पुढे बढती मिळत गेली. कोझिकोड, कल्याणी,
मडगाव तर सात वेळा,
स्लीपरचा वरचा बर्थ, उशाला बूट,
मानधनाच्या पाकिटावर चहाच्या कपाचा गोल.
एकदा टीव्हीवर होतो.
बायकोने जिन्यातल्या सगळ्यांना बोलावलं
आणि कॅमेरा नव्वद मिनिटं चेंडूमागे.
"ते कोपर दिसलं ना आत्ता," ती म्हणाली, "ते ह्यांचं."

बावीस वर्षं चेंडूपासून दहा-पंधरा पावलांवर राहिलो,
एकदाही लाथ मारली नाही.
मोह व्हायचा.
विशेषतः तो आपणहून गडगडत पायाशी यायचा तेव्हा.

शिट्टीत एक दाणा असतो, बुचाचा, वाटाण्याएवढा.
धूळ गेली की चिकटतो.
तुम्ही जीव खाऊन फुंकता
आणि बाहेर येते नुसती हवा.
माझं असं एकदाच झालं,
धोबीघाटच्या मैदानावर, उपांत्य सामना, चौऱ्याऐंशीवं मिनिट.
सायमन अल्हाटला बॉक्समध्ये पाडलं.
मी पाहिलं. स्पष्ट पाहिलं.
फुंकलं.
काही नाही.
दुसऱ्यांदा फुंकेपर्यंत चेंडू पार दुसऱ्या टोकाला,
गोल,
ढोल.
आणि मी हाताने सायमनला खूण केली :
ऊठ, काही झालेलं नाही.
जणू ठरवूनच.

अहवालात लिहिलं, सामना सुरळीत.
पेन्सिलीने लिहिलं, म्हणजे खोडता येईल.
खोडलं नाही.

गुडघा गेला, मग चाचणीत नापास झालो,
बालेवाडीच्या ट्रॅकवर एक पोरगा स्टॉपवॉच बघत म्हणाला,
काका, बसा जरा.
मी बसलो. तिथेच ठरवलं.

घोरपडीच्या रेल्वे फाटकाजवळ सायमनचं दुकान आहे,
किल्ल्या बनवतो, छत्र्याही दुरुस्त करतो.
पोट सुटलंय. डाव्या कानात बाळी अजून तीच.
मी घराची किल्ली पुढे केली, दोन करून दे म्हणालो,
आणि मशीनच्या आवाजात सगळं सांगून टाकलं.
शिट्टी, दाणा, हाताची खूण, एकोणीस वर्षं.

त्याने मशीन थांबवलं.
"तो सामना होय!" म्हणाला,
"तुम्ही टॉसचं नाणं चिखलात हरवलं होतंत, सर!
दोन्ही टीम गुडघ्यावर बसून शोधत होतो,
आमचा गोलकीपर म्हणत होता
सापडलं तर मी ठेवणार.
हसून हसून पोट दुखलं होतं."

आणि पेनल्टी?

"असेल," तो म्हणाला. "मी रोजच पडायचो."

पुन्हा मशीन सुरू.
गेट बंद झालं, मालगाडी बराच वेळ जात राहिली.
शेवटचा डबा गेल्यावर त्याने विचारलं,
"मग जिंकलं कोण?"

मी सांगितलं.
"असं होय," तो म्हणाला,
आणि किल्लीवर हलकी फुंकर मारली.
पितळेची पूड उडाली,
थोडी माझ्या बाहीवर बसली.