अंगण वाकडे

बंद असताना शहाण्यासारखी वागते.
पहिला, दुसरा, तिसरा, चौथा, पाचवा,
रिव्हर्ससुद्धा,
कॅटमध्ये पान सरकवावं तसा जातो.
किल्ली फिरवली की पहिल्याला हटून बसते,
आणि रिव्हर्स टाकायला जावं
तर भाताच्या घासात खडा यावा तसं
कर्रर्र.
गेट उघडता उघडता वॉचमन
चिंच चावल्यासारखं तोंड करतो.

झेन आहे. नव्याण्णवची. एमएच शून्य चार.
मूळचा रंग कोणता, यावर घरात दोन मतं आहेत.

दोन वर्षांत तिघांना दाखवली.
कापूरबावडीवाल्याने केबल बदलली.
आठ दिवस बरं वाटलं,
नव्या डॉक्टरकडे गेलं की वाटतं तेवढं.
वागळे इस्टेटमधल्या एकाने
गिअरबॉक्सच खाली उतरवला.
क्लचप्लेट नवी, प्रेशरप्लेट नवी, बेअरिंग नवं;
जुनं सगळं वर्तमानपत्रात बांधून
अस्थी द्याव्यात तसं हातात दिलं,
वर साडेनऊ हजारांचं बिल.
तिसरा एवढंच म्हणाला: विका.

चौथा घरातलाच.
मधुसूदन. बाजूच्या सीटवर,
मांडीवर शेपूची जुडी.
"तू क्लच पुरता दाबत नाहीस."
मी दाबायचे. गुडघा बोलेपर्यंत.
"नाचता येईना..." तो म्हणायचा, आणि थांबायचा.
पुढचं मी मनात पुरं करायचे,
तीन हात नाक्याला, सिग्नल हिरवा,
मागे टीएमटीचा हॉर्न,
आणि पहिला पडत नाही.
मग इंजिन बंद, गिअर टाक, परत सुरू कर:
गाडी बेडकासारखी उडी मारून निघायची.
माझ्या तेव्हा लक्षात आलं नाही
की ती दुखणं सांगत होती.

कोलबाडच्या आतल्या गल्लीत
बस्त्याव परेरांचं गॅरेज. एक शटर, एक फणस.
त्यांनी बॉनेट उघडलंच नाही.
"बंद असताना सगळे पडतात?"
पडतात.
"मग बॉक्सला कशाला छळलं?"

सीट मागे सारली आणि सत्तरीचा तो माणूस
पेडलांखाली डोकं घालून उताणा झाला.
पाय दाराबाहेर, एक चप्पल गळालेली.
"दाबा, बाई."
दाबला.
"सोडा. आता सावकाश."
मी दाबत होते, ते बघत होते.
एवढी साधी गोष्ट कुणी केली नव्हती.
तिघांनीही स्वतः बसून, स्वतः दाबून पाहिलं होतं,
आणि दाबणाऱ्याला खालचं दिसत नाही.

"या, बघा."
मग ते वर, मी खाली, ओढणी कमरेला खोचून.
बॅटरीच्या पिवळ्या उजेडात पेडल गेलं
आणि त्याच्याबरोबर हलली भिंत.
इंजिन आणि माणूस यांच्यामधला तो पत्रा
पोट फुगवावं तसा फुगला,
सोडल्यावर बसला.
वेल्डिंगपाशी केसाएवढी चीर,
कडेला गंज.
माझ्या पायाचा निम्मा जोर
दोन वर्षं हा पत्राच गिळत होता.
क्लचच्या वाट्याला उरलंसुरलं.

शेजारचा वेल्डर आला, आतून पट्टी मारली.
साडेचारशे. वर चहा परेरांनीच पाजला.

संध्याकाळी सोसायटीत रिव्हर्स टाकला.
वॉचमनने तोंड आधीच वाकडं करून ठेवलं होतं,
ते तसंच राहिलं थोडा वेळ.
मधुसूदन गॅलरीतून: "काय निघालं?"
"अंगण," मी म्हटलं.
त्याला ऐकू गेलं नसावं.

थंडीच्या सकाळी दुसरा अजून जरा खरखरतो.
तो मात्र वयाचा, परेरा म्हणाले,
दोन सिग्नल जाऊ द्या, ऊब आली की गप्प होतो.
त्याला मी काही करणार नाही.