सहाशे ओहम

ब्रनोच्या स्टेशनामागे, ट्रॅम वळते तिथे
बोहुमीर ह्रुश्काचं दुकान.
दारावरची घंटा बिघडलेली,
म्हणून खोकून आत यायचं.

रादानाने पिशवीतून काढले
वडिलांचे हेडफोन, रेडिओ केंद्रातले, सहाशे ओहमचे.
कानाच्या गादीत अजून एक पांढरा केस.
"फोनला लावले तर गाणं
शेजाऱ्यांच्या घरातून आल्यासारखं येतं.
गेलेत बहुतेक. घेता विकत?"

म्हातारा उत्तर देत नाही.
बत्तीस ओहमचा एक नवा जोड
तिच्या फोनला लावतो.
ठेका येताच तिची मान हलते.
मग तोच जोड कोपऱ्यातल्या
जुन्या लोखंडी मिक्सरला.
आता खर्ज सुजलेला,
कुणी चिखलात ढोल बुडवून वाजवतंय.

"सगळे विचारतात, चांगला कुठला.
लावणार कशाला, ते सांगा आधी."

एवढं बोलून मिक्सरला सहाशेवाले.
बटण दोनवरून सातवर.
व्हायोलिन सुरू व्हायच्या आधी
वाजवणाऱ्याने नाकातून घेतलेला
श्वास.

बराच वेळ रादाना उठली नाही.

पण तिचं काम उद्यापासून
लॅपटॉपवर, मुलाखती ऐकून लिहून काढायचं.
मिक्सर अठरा किलोचा,
भाड्याची खोली चौथ्या मजल्यावर.
तिने बत्तीसवाले घेतले.
हिशेबाने तेच बरोबर.

सुट्टे मोजता मोजता म्हणाली,
"ते विकायचे नाहीत. इथेच राहू देत.
गुरुवारी येते."

"खोकायला विसरू नका,"
म्हातारा वायर गुंडाळत म्हणाला.