दोणी

उम्म अल कुवैनच्या अलीकडे, हायवे सोडला की
तारेच्या कुंपणात पुरुषभर उंचीची भिंत,
भिंतीबाहेर दगडी वेदी, पलीकडे विहीर,
जिच्यात आता वाळू आणि पेप्सीचे दोन चेपलेले डबे.
मी पट्टी धरून उभा राहतो, दुर्बिणीतून इलिंका बघते.
"डावीकडे. अजून. बास."
चार महिन्यांत तिला एवढं मराठी आलं
आणि मला तिच्या भाषेतला सूर्य : सोआरे.

इथे देऊळ होतं त्याचं, ती सांगते.
आतल्या दोणीवर काही ओळी सापडल्या, पार झिजलेल्या,
त्यांतला एकच शब्द धड लागला : शमश.
राखणदार खल्फान ऐकून हसला,
"मग त्यात काय? आम्ही अजून शम्सच म्हणतो."
दोन हजार वर्षांत मधला एक स्वर गळाला, बस्स.

मला हसू आलं नाही.
मी सहा उन्हाळे शारजात सेंटरिंगवर काढलेत.
जुलैतल्या एका दुपारी धनेसर, छपऱ्याचा,
सळया बांधता बांधता खाली बसला,
हातातली तार सोडली नाही त्याने,
पाणीसुद्धा मागितलं नाही.
साडेबारा ते तीन काम बंद, तसा कायदा आहे.
तो बसला बारा वाजून दहा मिनिटांनी.
सूर्याला देव करणारे लोक
सावलीत बसलेले असणार, मी इलिंकाला म्हणालो.

ती बराच वेळ गप्प.
मग वाळूत बोटाने नदी काढली, तिच्या गावावरून जाणारी,
समुद्राशी पोचताना बोटांसारखी फाटलेली.
तिथे फार पूर्वी गेटे नावाचे लोक.
एक डोंगर त्यांना पवित्र, आणि ही नदी.
लढाईला निघताना तिचं पाणी ओंजळीने प्यायचे म्हणे,
तीर्थ घ्यावं तसं (हे मी जोडलं, ती नाही).
आणि सूर्य?
"लिहून काही ठेवलं नाही त्यांनी.
पण आमच्याकडे हिवाळ्यात तो उशिरा येतो, लवकर जातो.
त्याला बोलवावं लागतं."

बोलवावं लागतं!
आमच्या परुळ्यात आदिनारायण बारमाही घरचाच,
बोलवावी लागते ती राजापूरची गंगा,
वर्षं वर्षं पत्ता नसतो आणि एके सकाळी कुंडं ओली.
मी विहिरीत पट्टी सोडली.
तीन मीटर चाळीस, कोरडं. लिहून घेतलं.

रथसप्तमीला पहाटे
शेडमागे शेगडीवर दूध ठेवलं, गोवरी कुठून आणणार,
पातेल्याखाली पूर्वेला बोटभर उतार.
फेस वर आला, कडेला थांबला, गेला.
खल्फान धावत आला, गॅस बंद केला,
"अरे, दूध! झोपलास का?"
त्याला कसं सांगू की सांडण्यासाठीच ठेवलं होतं.

इलिंकाने तेव्हा जॅकेटमधून
खोकल्याच्या औषधाची बाटली काढली.
आत डॅन्यूब. विमानतळावरच्या माणसाने
हुंगून परत दिलेली.
वेदीपर्यंत गेली. झाकण फिरवलं अर्धं.
जुन्या दगडावर कोणताही द्रव ओतू नये :
नियम चौथा, तिनेच टाइप केलेला,
शेडच्या दारावर तीन भाषांत.
झाकण परत फिरवलं.

सातला टँकर आला.
इथलं पाणी म्हणजे समुद्रच,
भट्टीतून जाऊन मिठाशी काडीमोड घेतलेला.
नळीखाली ओंजळ धरली, कोमट.
पहिली धनेसरच्या नावाने वाळूत सोडली,
वाळू काही दगड नव्हे.
दुसरी प्यालो.
इलिंका बघत होती, हातात बाटली तशीच.
मग तिनेही एक घोट घेतला, तिच्या बाटलीतला,
तोंड वाकडं केलं.
"बेडकाची चव."

तोवर ऊन भिंतीवरून उतरून
दोणीच्या रिकाम्या जागेत बसलं होतं.
मी टोपी घातली, कानांवरून फडकं बांधलं,
पट्टी उचलली.
"उजवीकडे," ती म्हणाली. "अजून."