तापाच्या तक्त्यावरची बाग

निवृत्त होताना वॉर्डातून एकच गोष्ट आणली:
तापाच्या तक्त्यांचा कोरा गठ्ठा.
बारीक चौकटींचे कागद. एक चौकट म्हणजे अर्धा फूट
असं धरून मिरजेतल्या या घरामागची जागा आखली.
बावीस बाय चौदा.

उत्तरेला पपया, म्हणजे सावली भिंतीवर.
मोरीच्या पाण्यावर अळू.
लिंबू लांब, त्याचे पाय ओले राहिलेले त्याला चालत नाहीत.
मधे तीन गादीवाफे, कारण इथली काळी माती
उन्हाळ्यात हात जाईल इतकी भेगाळते
आणि श्रावणात पायातली चप्पल ठेवून घेते.
एक मेथीचा, एक वांग्यांचा,
तिसऱ्यावर प्रश्नचिन्ह.
जिथं नाडी लिहायचे तिथं लिहिलं:
पाणी, एक दिवसाआड, पहाटे पाच.

विल्सन लोंढ्याने मुदत संपलेले सलाईनचे सेट दिले.
काठीला बाटली टांगली, चाक फिरवून थेंब लावले,
मिनिटाला वीस. घड्याळ धरून मोजले.
या हातांना दुसरं काही येत नाही.

पपईच्या बिया शौकत बागवानच्या, देशी.
म्हणाला, सिस्टर, एका आळ्यात तीन-तीन टाका,
नर की मादी ते फुलल्याशिवाय कळत नाही.
म्हटलं, मला सांगतोस?
पाच रोपं जगली.

नकाशा महिन्याभरात फिसकटला.
मांजराने मेथी उकरली, पुन्हा टाकली.
वांग्यांवर मावा आला म्हणून
राख मागायला अनसूयाकडे गेले, तर तिच्याकडे गॅस.
शेवटी कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याने दिली, डबाभर.
प्रश्नचिन्हात खतातून आपोआप भोपळा उगवला.
पसरू दिला.

गौरी गेल्या त्या आठवड्यात
तीन पपयांनी लांब देठांवर झुंबरं सोडली,
नाजूक, सुवासिक.
शौकत फाटकातूनच म्हणाला, नर.
छाटा. एखादा ठेवा परागापुरता.
उरलेल्या दोघींकडे (मी तेव्हाच दोघी म्हणायला लागले होते)
रोज टॉर्च घेऊन जायचे, रात्रपाळीला जावं तशी.

चौतीस वर्षं दाराबाहेरच्या माणसांना
मी एक वाक्य सांगत आले: मुलगी झाली.
ते सांगताना चेहऱ्यांकडे न बघता
हातातल्या कागदाकडे बघायला शिकले.
वजन, वेळ, खाली सही.
एकदा तासगावची एक सासू म्हणाली,
पुन्हा बघा की नीट.
मी तिच्यासमोर पुन्हा बघितलं.

मंगळवारी पहाटे, नळाला पाणी यायच्या आधी,
चौथ्या झाडाच्या पानाच्या बगलेत
खोडाला चिकटून एक जाड पिवळसर कळी.
देठ जवळजवळ नाहीच.
पुन्हा बघितलं नीट.
मग ते वाक्य मोठ्याने बोलले, भिंतीकडे तोंड करून.
अनसूयाने खिडकी उघडली. कुणाला?
म्हटलं, मला.

शौकतने जिलेबी आणली.
पाचवीही मुलगीच निघाली, चार दिवसांनी,
तेव्हा मात्र आणली नाही.

मग कोयता. दोन नर काढायचे होते.
पहिल्याला जरा टोचला, पांढरा चीक बोटांवर आला,
आणि हात थांबला.
हिशोब मला कळतो: खत, पाणी, जागा,
उपयोग नसलेल्याला का पोसायचं.
हाच हिशोब मी खूप ऐकलाय,
दुसऱ्या बाजूने.

तिघेही उभे आहेत. वाढले इतके
की सकाळची सावली मेथीवर येते.
तक्त्यावरची मेथी खोडली.
शौकत म्हणतो, सावलीत हळद लावा.
बघू.
नवा कागद काढलाय. पेन्सिलीला टोक करायचंय.