चार नंबरचं टेबल

सकाळी सातलाच बादल्या भरून ठेवतो मी,
नऊनंतर पंचवटीत नळाला नुसती शिट्टी येते.
धरणाचं पाणी मोजपात्रात पन्नासच्या रेघेवर थांबवतो:
कडेला थोडं चढलेलं, मध्ये थोडं बसलेलं.
खालची कड वाचायची, डोळा तिच्या उंचीला आणून,
हे टिळे सर दरवर्षी सांगतात
आणि मुलं दरवर्षी उभ्या-उभ्याच वाचतात.

बावीस वर्षं इथली काच धुतोय.
तराजू कुठल्या बाजूला मान टाकतो, मला ठाऊक.
दोनशे मिलिग्रॅमचं वजन हरवलंय, त्या खाचेत
डब्याच्या झाकणाचा तुकडा कातरून बसवलाय,
चिमट्याने उचलता येईल असा.
सरांना माहीत आहे. तपासणीला येणाऱ्या साहेबांना नाही.

पितळ. वस्तुमान भागिले आकारमान.
उत्तर आठ पॉइंट चार.
मुलं आधी उत्तर लिहितात,
मग त्याला साजेसं आकारमान शोधतात,
स्थळ ठरवून मागाहून पत्रिका जुळवावी तसं.

नववी ब, मंगळवार, शेवटचे दोन तास.
चार नंबरच्या टेबलावर शलाका वडके.
दोऱ्याला ठोकळा बांधला, हळू सोडला,
पन्नासचं पाणी सत्तरवर आलं.
एकशे छप्पन्न भागिले वीस.
सात पॉइंट आठ.

"पुन्हा मोज," सर म्हणाले.
ठोकळा पुसला, चिकटलेले बुडबुडे झटकले, पुन्हा सोडला.
सात पॉइंट आठ.
सरांनी माझ्याकडे पाहिलं.
मी म्हटलं, तराजू खोटा आहे सर,
पण बारा ग्रॅमचं खोटं तो बोलत नाही.

मागून कुणी कुजबुजलं, अगं आठ-चार लिही, मार्क जातील.
ती लिहीना.
दोरा बोटाला गुंडाळून ठोकळा तसाच टांगता धरला
आणि सायकलच्या किल्लीने त्याला टिचकी दिली.
मग तीन नंबरचा मागून घेतला, त्यालाही.
तो लांबवर बोलत राहिला.
तिचा बद्द.

"एक दिवस घरी नेऊ?"
शाळेची वस्तू अशी जात नसते.
रजिस्टरात मी 'दुरुस्तीसाठी' लिहिलं.
तांबट आळीत दुसरं काय होतं?
तिथे दुपारभर हातोडे इतके चालतात
की चहावाला बोटांनीच विचारतो, एक की दोन.

बुधवारी ठोकळा परत आला, कागदात गुंडाळून.
"बाबा म्हणाले, ओतताना घाई झाली.
आत हवा राहिलीय, चिंचोक्याएवढी."
वर्ग हसला. सर हसले नाहीत.
फळ्यावर मांडत गेले, बारा भागिले आठ पॉइंट चार,
पोकळी एक पॉइंट चार घन सेंटिमीटर.
आणि चिंचोका?

मी मैदानाकडेच्या चिंचेखालून ओंजळभर वेचून आणले.
एकाने पाणी हलल्यासारखं झालं, वाचता येईना.
दहा टाकले. अकरा रेघा.
म्हणजे एकाला एक पॉइंट एक.
वडक्यांचा कान तीन दशांशांनी चुकला होता.
त्यांनी मोजपात्र पाहिलंही नव्हतं.

जर्नलमध्ये सात पॉइंट आठखाली सरांनी सही केली,
शेरा काही लिहिला नाही.

मार्चअखेर जुनी जर्नलं रद्दीत गेली,
एकजात आठ पॉइंट चारची, बावीस किलो भरली.
रद्दीवाल्याचा काटा किलोमागे किती खातो
हे सगळ्या गल्लीला ठाऊक, तरी भरली बावीसच.

"तो ठोकळा बाद करा," सर म्हणाले होते.
मी हो म्हटलं.
कपाटात वरच्या खणात कापसावर ठेवला,
आणि जूनमध्ये, नवी नववी आत यायच्या आधी,
पुसून पुन्हा चार नंबरवर.
कुणाला बोललो नाही.
काच धुता-धुता तेवढा एक कान
त्या टेबलाकडे असतो.